मुंबई पाहावयाची केव्हां?

उन्हाळ्याची सुटी लागली कीं ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील घरोघरीं एक बेत दरवर्षीं ठरतो आणि दरवर्षीं मोडतो. “ह्या खेपेस पोरांना मुंबई दाखवून आणूं,” असें घरचा कर्ता म्हणतो. मुलें नाचूं लागतात. गृहिणी दशम्यांच्या पिठाचा व बटाट्यांचा हिशेब मनांत मांडते. समुद्रावर वारा लागेल म्हणून आजी कानास बांधावयाचा रुमाल शोधून ठेविते. रविवारखेरीज दुसरा दिवस सर्वांस मोकळा नाहीं, तेव्हां रविवारच ठरतो. मग शनिवारीं रात्रीं कोणीतरी मोबाईलवर वाचून दाखवितो कीं, उद्यां मेगाब्लॉक आहे. सकाळीं दहा-अकरापासून दुपारीं तीन-चारपर्यंत गाड्या कमी, जलद गाड्या धीम्या मार्गावर, आणि गर्दी मात्र दुप्पट. कर्ता म्हणतो, “पुढच्या रविवारीं पाहूं.” पुढचा रविवारही तसाच उजाडतो. जून येतो, पाऊस येतो, शाळा उघडतात, आणि आजीचा रुमाल पुनः पेटींत जातो.

एवढ्याशा गोष्टीवर अग्रलेख कशास, असें कांहीं वाचकांस वाटेल. आमच्या मतें ही गोष्ट एवढीशी नाहीं. सन २०११ च्या खानेसुमारींत ठाणें शहराची वस्ती अठरा लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर भरली होती. ह्या वस्तीचा केवढा तरी भाग रोज पहांटे उठून मुंबईस जातो व रात्रीं परततो. मुंबईच्या पेढ्या, कचेऱ्या, दुकानें, इस्पितळें व न्यायालयें हीं आमच्या माणसांवर चालतात असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु तीस वर्षें नेमानें मुंबईस जाणाऱ्या गृहस्थास “आपण मुंबई पाहिली आहे काय?” असें विचारून पाहावें. त्याची मुंबई म्हणजे फलाटापासून कचेरीपर्यंतची पाउलवाट, एक चहाचें दुकान व परतीची ठरलेली गाडी, एवढीच निघते. ही झाली पुरुषांची व नोकरी करणाऱ्या स्त्रियांची कथा. ज्या घरांत राहिल्या त्यांच्या वांट्यास तेवढीही येत नाहीं. कल्याणपासून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस अवघें ५४ किलोमीटर. डोंबिवलीहून त्याहूनही कमी. असें असतां काशी व तिरुपति करून आलेल्या, पण चौपाटीची वाळू कधीं पायांस न लागलेल्या स्त्रिया आमच्या टापूंत थोड्या नाहींत.

आगगाडीचा इतिहास आठवला म्हणजे ही स्थिति अधिकच चमत्कारिक वाटते. दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी गाडी निघाली, तिला साहिब, सिंध व सुलतान हीं तीन एंजिनें जोडलीं होतीं. डबे चौदा होते व आंत चारशेंच्या आसपास निमंत्रित मंडळी बसली होती. त्यांतील कोणासही ठाण्यास जाऊन हजेरी लावावयाची नव्हती. ठाण्यास तंबू ठोकून फराळाची व्यवस्था केली होती. पाहुण्यांनीं खाल्लें, प्यालें, भाषणें केलीं, व मंडळी परत फिरली. त्या दिवशीं सरकारनें मुंबईस सुटी दिली होती. म्हणजे ह्या देशांतील पहिली उतारूंची आगगाडी ही शुद्ध सहलीची गाडी होती, आणि ती मुंबईकरांस ठाणें दाखविण्यासाठीं निघाली होती! पुढच्याच वर्षीं, १८५४ सालीं, लोहमार्ग कल्याणास पोंचला. हा मार्ग व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट अग्रभागीं होते. त्या काळीं गाडीसाठीं सुटी देत असत. आज सुटीच्या दिवशीं गाडी काढून घेतात.

सहल ही चैन आहे, ज्यास दोन वेळचें नीट मिळत नाहीं त्यानें मुंबई पाहण्याच्या गोष्टी कशास कराव्या, असा एक आक्षेप नेहमीं येतो, आणि तो बहुधा ज्यांनीं सर्व पाहिलें आहे त्यांच्याकडूनच येतो. त्यांस आम्ही दरवर्षींचा ६ डिसेंबरचा दिवस दाखवितों. विदर्भ-मराठवाड्यांतून, खानदेशांतून, आणि आमच्या कल्याण-उल्हासनगरांतूनही, हातावर पोट असलेलीं लाखों माणसें त्या दिवशीं दादरच्या चैत्यभूमीवर येतात. भाकरी बरोबर असते, निजावयास शिवाजी पार्कची धूळ असते. आणि परततांना गांठोड्यांत पुस्तकें असतात. त्या मैदानावर पुस्तकांची जी विक्री होते तिचा हेवा मोठमोठ्या ग्रंथविक्रेत्यांस वाटावा. डॉक्टर आंबेडकरांस पाहण्यास आलेला हा माणूस जातांना समुद्रही पाहून जातो, कोणी रेल्वेचा डबा प्रथमच पाहतो, कोणी गेटवेपर्यंत पायीं जाऊन येतो. ह्यास चैन म्हणण्याची ज्याची छाती असेल त्यानें म्हणावें. आमच्या मध्यमवर्गानें मुंबईस कसें जावें, काय बांधून न्यावें व काय घेऊन यावें, हें ह्या लोकांपासून शिकण्यासारखें आहे.

कारण नुसतें जाणें व पाहणें ह्यांत अंतर आहे. एका दिवसांत राणीबाग, म्हातारीचा बूट, गेटवे, चौपाटी आणि शेवटीं एखादें मोठें दुकान, असा पंचपक्वान्नांचा बेत करणारा मनुष्य घरीं येतो तेव्हां त्याचीं मुलें रडत असतात व बायको बोलत नसते. आमचा सल्ला असा कीं, एका खेपेस एकच भाग घ्यावा व तो पायीं फिरावा. पहिल्या खेपेस कोट भाग घेणें उत्तम, कारण तेथें वाहनाचा खर्च नाहीं. ज्या टर्मिनसमधून आपण रोज मान खालीं घालून धांवत बाहेर पडतों, तें प्रथम समोरच्या बाजूस जाऊन, मान वर करून पाहावें. दहा वर्षें खपून १८८८ सालीं ती इमारत पुरी झाली व २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेली. तिच्या भिंतींवरील दगडी मोर, माकडें व वेली मुलांस मोजूं द्याव्या. तेथून हुतात्मा चौक दूर नाहीं. संयुक्त महाराष्ट्रासाठीं जे गेले त्यांचें तें स्मारक आहे, व हा मुलूख मराठी राज्यांत मुंबईसह आहे तो कोणाच्या रक्तानें, हें दहा वर्षांच्या मुलासही तेथें उभें राहून सांगतां येतें. घरीं बसून सांगितलेलें त्याच्या लक्षांत राहत नाहीं.

पुढें उच्च न्यायालय लागतें. येथें आम्ही जरा अधिक थांबतों, ह्याबद्दल वाचक क्षमा करतील. वकिली शिकलेल्या मनुष्यास त्या जिन्यांचा मोह सुटत नाहीं. १८७८ सालीं उभी राहिलेली ही इमारत परसत्तेच्या दराऱ्यासाठीं बांधली गेली, आणि १९०८ च्या जुलैमध्यें त्याच इमारतींत लोकमान्य टिळकांनीं आपला बचाव आपणच केला. ज्यूरीनें बहुमतानें दोषी ठरविलें, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी-कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवून त्या निकालावर आपला निकाल दिला. टिळकांचे त्या वेळचे उद्गार पुढें, स्वराज्य आल्यावर, त्याच न्यायालयाच्या भिंतीवर कोरून बसविण्यांत आले. ज्या दरबारानें शिक्षा दिली त्याच दरबारानें आरोपीचे शब्द दारावर लावावे, हें पाहण्यासाठीं कल्याणहून येणें चैन होय काय? न्यायालय रविवारीं बंद असतें. पण इमारत बाहेरून, ओव्हल मैदानावरून, डोळे भरून पाहतां येते. मैदानाच्या एका अंगास हे गॉथिक मनोरे व समोर १९३० नंतरचीं गोलाकार गच्च्यांचीं घरें, असा समोरासमोरचा देखावा आहे, व २०१८ सालीं त्या दोहोंस मिळून जागतिक वारशाचा मान मिळाला आहे.

त्यापुढें वस्तुसंग्रहालय व गेटवे. १९२२ सालीं युवराजाच्या नांवानें उघडलेलें हें संग्रहालय १९९८ पासून छत्रपतींचें नांव धारण करतें. गेटवेची कमान १९२४ सालीं खुली झाली ती बादशहाच्या आगमनाची आठवण म्हणून. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं शेवटची गोरी पलटण ह्याच कमानींतून बाहेर पडून बोटींत बसली. आंत येण्यासाठीं बांधलेलें दार जाण्यासाठीं उपयोगीं पडलें, एवढें मुलांस सांगितलें तरी पुरे. गेटवेहून घारापुरीस होड्या जातात, परंतु ती सहल स्वतंत्र दिवसाची आहे. लेणीं सोमवारीं बंद असतात, आणि पावसाळ्यांत हवा बिघडली कीं होड्याही बंद असतात. दिनांक १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या होडीवर नौदलाची वेगवान नौका आदळून डझनावर माणसें बुडालीं, हें विसरूं नये. होडीवाल्याकडे तरंगणारें जाकीट मागून घ्यावें, अंगांत घालावें, आणि तो हंसला तर हंसूं द्यावें.

दुसरी खेप गिरगांवची. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो टर्मिनसहून गिरगांवास जाऊं लागली असल्यामुळें ही वाट सोपी झाली आहे. १ ऑगस्ट १९२० रोजीं टिळक सरदारगृहांत गेले व त्यांच्या देहास अग्नि चौपाटीवर दिला. त्यांचा पुतळा तेथें उभा आहे. जवळच महात्मा गांधींचें मणिभवन, आणि गोवालिया टँकचें तें मैदान, जेथें ८ ऑगस्ट १९४२ रोजीं ‘चले जाव’चा ठराव झाला. राष्ट्रसभेचें पहिलें अधिवेशन १८८५ सालीं भरलें तेंही ह्याच परिसरांत. मुलें मात्र आधीं समुद्राकडे धांवतील. त्यांस धांवूं द्यावें. भेळ खाल्ल्याखेरीज चौपाटी पुरी होत नाहीं, हें आम्हीही मान्य करतों. ज्यांचीं मुलें फारच लहान आहेत त्यांनीं भायखळ्यास उतरावें. स्टेशन आपल्याच मार्गावर, राणीबाग व डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांच्या नांवाचें जुनें संग्रहालय एकाच आवारांत. फक्त बुधवारीं दोन्ही बंद.

इतका तपशील आम्हीं दिला तो वाटाड्याचा धंदा करावयाचा म्हणून नव्हे. बेत मोडण्याचीं खरीं कारणें तपशिलांतच दडलेलीं असतात, व त्यांतील पहिलें कारण घरांतच आहे. मुंबईस जाण्याचा बेत ठरवितो पुरुष. त्याचें ओझें वाहते स्त्री. दशम्या तिनें लाटाव्या, पोरांचीं तोंडें तिनें पुसावीं, आणि घर राखण्यास कोणी राहिलें पाहिजे असें ठरलें कीं मागेंही तिनेंच राहावें. आजीस “तुला झेपणार नाहीं” असें सांगण्यांत येतें. आजीस झेपेल कीं नाहीं हें आजीस कोणी विचारीत नाहीं. शिवाय स्त्रियांची एक अडचण अशी आहे कीं जी सभ्य पत्रांतून लिहूं नये असें पूर्वी समजत. आम्ही ती लिहितों. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत घोटभर पाणी न पिणाऱ्या स्त्रिया आमच्या गाड्यांतून रोज प्रवास करतात, कारण वाटेंत स्वच्छ व निर्धास्त शौचालय मिळेल असा त्यांस भरंवसा नाहीं. ‘राइट टू पी’ ह्या नांवानें मुंबईंतील कार्यकर्त्या स्त्रियांनीं चळवळ केली तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. परंतु ज्या नगरींत स्त्रीनें तहान मारून हिंडावें ती नगरी तिच्यापुरती बंदच म्हटली पाहिजे, मग तिच्या वेशीवर गेटवे असो कीं आणखी कांहीं असो.

आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म कल्याणचा, १८६५ चा. १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, ही मुलगी एकटी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली व १८८६ सालीं डॉक्टर झाली. तिच्याच गांवच्या स्त्रीस आज लोकल गाडींत बसून समुद्र पाहावयास जाण्यासाठीं घरच्या चार माणसांच्या सवडीची वाट पाहावी लागते! ह्या कामीं कायदा स्त्रियांच्या बाजूस आहे हें त्यांनीं जाणून असावें. वरळीजवळच्या हाजी अली दर्ग्यांत मजारीपर्यंत स्त्रियांस जाऊं न देण्याचा निर्बंध २०१२ च्या सुमारास घालण्यांत आला होता. दोन मुसलमान भगिनींच्या अर्जावरून उच्च न्यायालयानें तो २६ ऑगस्ट २०१६ रोजीं राज्यघटनेविरुद्ध म्हणून रद्द केला, व त्याच वर्षीं स्त्रिया आंत गेल्या. आतां तेथें जातांना फक्त भरतीची वेळ पाहावी लागते, कारण भरतीच्या वेळीं दर्ग्याची वाट पाण्याखालीं जाते. समुद्राचा निर्बंध तेवढा शिल्लक राहिला, मनुष्यांचा गेला. घराघरांतील निर्बंधांवर मात्र अर्ज करावयास कोणतें न्यायालय नाहीं. तेव्हां चार-पांच शेजारणींनीं मिळून, पुरुषांच्या सवडीची वाट न पाहतां, आपला आपण बेत करावा असें आम्ही उघड सुचवितों. पोरांस एक दिवस बापानें सांभाळल्यानें संसार बुडत नाहीं.

दुसरें कारण रेल्वेचें. येथें आम्हांस अन्याय करावयाचा नाहीं. रूळ, तारा व खुणा ह्यांची दुरुस्ती झालीच पाहिजे. ती न झाली तर जीव जातात. आणि उन्हांत रुळांवर राबणाऱ्या गँगमनच्या अंगावरून गाडी जाऊं नये म्हणून मार्ग बंद ठेवणें हें माणुसकीचेंच काम आहे. वाद ब्लॉक असावा कीं नसावा हा नाहीं. वाद आहे तो रविवार हा ‘कमी वाहतुकीचा दिवस’ समजण्याविषयीं. जो कचेरीस जातो तोच प्रवासी, ही समजूत त्या शब्दांच्या मागें आहे. पोरांस घेऊन निघालेली आई, आजारी भावास भेटण्यास निघालेली बहीण, रविवारींही ज्यास सुटी नाहीं असा दुकानांतील नोकर व इस्पितळांतील परिचारिका, हीं सर्व मंडळी तिकीट काढूनही गणतींत नाहींत. बरें, दुपारीं चार तास मार्ग बंद म्हणजे तेवढाच वेळ जातो असें नाहीं. गाड्या उशिरा धांवतात त्या रात्रींपर्यंत, आणि ज्या सुटतात त्यांत स्त्रियांच्या डब्याच्या दारालाही माणसें लोंबकळूं लागतात.

लोंबकळण्याचें फळ काय तें आम्हांस ठाऊक आहे. दिनांक ९ जून २०२५ रोजीं सकाळीं दिवा व मुंब्रा ह्यांच्या दरम्यान, वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतील प्रवासी खालीं पडले व त्या दिवशीं चार जण गेले. तो सोमवार होता हें खरें; तो ब्लॉकचा दिवस नव्हता. पण ज्या मार्गावर कामाच्या दिवशीं हें घडतें, त्या मार्गावर गाड्या कमी करून मुलाबाळांस चढावयास लावणें किती धोक्याचें आहे हें त्यावरून कळावें. १९८९ च्या रेल्वे कायद्याचें १२४-अ हें कलम असें आहे कीं, तिकीटधारक उतारू गाडींतून अपघातानें पडून मेला तर रेल्वेचा दोष असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. २०१७ पासून तिची रक्कम आठ लाख रुपये आहे. कायदा चांगला आहे. मात्र उतारूची आठवण तो पडल्यावर येते. त्याच्या आधींची आठवण वेळापत्रकानें ठेवावयास हवी.

ती कशी, हेंही सांगतों. ब्लॉकची वार्ता दोन दिवस आधीं न देतां तीन महिन्यांचा तक्ता एकदम प्रसिद्ध करावा, म्हणजे ज्यास जावयाचें तो आपला रविवार निवडील. महिन्यांतून एक रविवार ठाणें-कल्याण टप्प्यावर मोकळा सोडावा, व तो लोकांस आधीं माहीत असावा. जीं कामें रात्रीं होतात तीं रात्रीं व्हावीं; तसे ब्लॉक घेतले जातात, मग अधिक कां घेतां येऊं नयेत, ह्याचें उत्तर तज्ज्ञांनीं उघडपणें द्यावें. ठाणें ते दिवा हा पांचवा व सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्यें खुला झाला, त्याचा लाभ ब्लॉकच्या दिवशीं लोकल गाड्यांच्या उतारूंस किती मिळतो तेंही सांगावें. आमच्या दोन्ही महानगरपालिकांनीं त्या दिवशीं ठाण्यापर्यंत तरी पुरेशा बसगाड्या सोडाव्या. आणि पालिकांच्या शाळांतील प्रत्येक मुलास, शाळा सोडण्यापूर्वीं, एकदां तरी मुंबईचें संग्रहालय व समुद्र हीं पालिकेच्या खर्चानें दाखवावीं. पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या बागांकडे सहली नेणाऱ्या श्रीमंत शाळांचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं.

एक गोष्ट राहिली. समुद्र हा आमच्या टापूस परका आहे असें कोणीं समजूं नये. मुंबई हीं सात बेटें होतीं व त्यांवर कोळ्यांचीं घरें होतीं, तेव्हां कल्याण हें नांवाजलेलें बंदर होतें. पहिल्या शतकांतील ग्रीक खलाशाच्या वृत्तांतांत त्याचा उल्लेख आहे, व कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे व्यापारी आहेत. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आल्यावर शिवाजी महाराजांनीं आरमाराचीं पहिलीं गलबतें ह्याच खाडींत बांधविलीं; दुर्गाडी त्याची साक्ष देतो. २०१६ च्या कायद्यानें कल्याण-ठाणें-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून जाहीर झाला आहे. मार्ग कायद्यांत आला. कल्याणहून मुंबईस उतारू नेणारी होडी अद्याप पाण्यांत आली नाहीं. ती येईल तेव्हां आम्ही तिच्यावर स्वतंत्रपणें लिहूंच.

तोंपर्यंत गाडीवांचून गति नाहीं. म्हणून पुढील रविवारीं ब्लॉक असो वा नसो, ज्यांस जावयाचें आहे त्यांनीं सकाळीं आठाच्या आंत गाडींत बसावें, म्हणजे मार्ग बंद होण्यापूर्वीं टर्मिनस गांठतां येतें. पाणी घरचें घ्यावें व तें सर्वांनीं, स्त्रियांनींही, प्यावें. वस्तुसंग्रहालयांत तिकीट काढलें कीं शौचालयाची सोय होते, दुपार तेथेंच सावलींत काढावी. परततांना पांच वाजल्यानंतरची धीमी गाडी धरावी. ती टर्मिनसहूनच सुटत असल्यामुळें बसावयास जागा मिळते. खिडकी आजीस द्यावी.